दीदबान

‘शिस्त’ हा शब्द आज शाळेच्या घंटेशी आणि कवायतीच्या मैदानाशी बांधला गेला आहे; परंतु जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे ती लक्ष्यावर रोखणे. नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो त्याला माशी म्हणत, आणि ज्या खाचेतून ती माशी पाहावयाची तिला दीदबान. हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ पहारेकरी, टेहळ्या असा आहे. पहारा देणारा माणूस आणि नेम धरण्याची खाच या दोहोंना एकच नाव असावे, याचे आम्हांस पूर्वी केवळ कौतुक वाटे. पुढे एका रात्री हे दोन्ही अर्थ आमच्या डोळ्यांदेखत एकमेकांवर येऊन ठेपले, आणि तेव्हापासून त्या कौतुकात एक कंप मिसळला आहे. ती हकिकत आम्ही आजवर कोणास सांगितली नव्हती. गेल्या हिवाळ्यात पुतण्याने एक साधा प्रश्न विचारला आणि ती सांगणे भाग पडले.

प्रश्न असा होता : “काका, रायफलीवर कोणती दुर्बीण बसवू?”

रायफल आमच्या थोरल्या बंधूंची, म्हणजे दादांची. पिकांच्या रक्षणासाठी घेतलेली, .३१५ बोअरची. सैन्याच्या काडतुसांच्या बोअरची हत्यारे आपल्याकडे सामान्य नागरिकास मिळत नाहीत. म्हणून देशभरच्या परवानाधारकांच्या घरी बहुधा हीच सरकारी कारखान्यातील रायफल दिसते. बांधणी जुन्या ली-एनफील्डच्या घराण्यातील, गोळी मात्र जड आणि संथ. दादा गेले आणि सर्व कागद रीतसर पुरे होऊन ती पुतण्याच्या परवान्यावर चढली. निवडणूक आली की ती निंबोल्याच्या ठाण्यात जमा होते, निकालानंतर घरी येते. एरवी कपाटात असते. पुतण्या नव्या काळाचा. त्याने दुर्बिणींची माहिती गोळा केली होती, किमतींचे कोष्टक केले होते आणि निर्णयापुरता तो आमच्याकडे आला होता. आम्ही आयुष्यभर राज्य शासनाच्या महसूल खात्यात काढलेले. शस्त्र-परवान्यांच्या अर्जांवर अहवाल लिहिले, रानडुकरांनी लोळवलेल्या पिकांचे पंचनामे केले. त्यामुळे या विषयात आम्हांस गती असावी असा घरात समज आहे. तो समज आम्ही कधी खोडला नाही.

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता, याचे कारण आमचे शेत. बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निंबोला आहे. उत्तरेस सातपुड्याची ओळ. शेताचा अर्धा भाग केळीचा. केळीचा बाग मोठा झाला की त्यात दिवसाही संध्याकाळ असते. दोन ओळींच्या मधून पाहिले तर दहा-पंधरा पावलांपलीकडे पानांची भिंत उभी. उरलेला अर्धा भाग उघडा. कधी हरभरा, कधी गहू, आणि तो थेट नाल्यापर्यंत पसरलेला. बांधावरच्या मचाणावरून नाला दीडशे मीटर तरी असेल. म्हणजे एकाच मचाणावर बसलेल्या माणसाला डाव्या हातास दहा पावलांचे जग आणि उजव्या हातास दीडशे मीटरचे. रानडुक्कर कोणत्या हाताने येईल हे तो आधी कळवीत नाही. तेव्हा जवळ आणि लांब या दोन्हींना पुरेल अशी दीदबान कोणती, हा पुतण्याचा खरा प्रश्न होता.

आमची या विद्येशी पहिली ओळख महाविद्यालयात एन.सी.सी.मध्ये झाली. प्रथम पंचवीस यार्डांवर पॉइंट टू टू, आणि मग एके दिवशी खांद्याला निळे करणारी थ्री नॉट थ्री. त्या रायफलीच्या पाठीवर एक पट्टी होती आणि तिच्यावर २०० पासून २,००० यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले होते. सरकता तुकडा पुढेमागे करून पट्टी उचलायची की खाच उंच होते, नळीचे तोंड किंचित वर जाते आणि गोळी अधिक दूर पडते. दोन हजार यार्ड म्हणजे पावणेदोन किलोमीटरांहून अधिक! एवढ्या अंतरावरचा माणूस आम्हांस दिसतही नव्हता. आम्ही उस्तादांना तसे विचारले. ते हसून म्हणाले, “बेटा, वो नंबर अंग्रेज़ों के लिए हैं. तुम नज़र मक्खी पर रखो. टारगेट धुँधला दिखे तो दिखने दो.”

उस्तादांच्या त्या दोन वाक्यांत या विषयाचे अर्धे शास्त्र होते, हे पुष्कळ उशिरा ध्यानी आले. उघड्या दीदबानीने नेम धरताना डोळ्यापुढे तीन गोष्टी असतात : हातभर अंतरावरची खाच, त्यापुढे नळीच्या टोकाची माशी आणि दूरचे लक्ष्य. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून कशास तरी अंधुक होऊ द्यावे लागते, आणि शहाणपण असे की माशी स्पष्ट ठेवावी व बाकीचे दोन्ही अंधुक होऊ द्यावेत. तरुण डोळा या तीन अंतरांमध्ये इतक्या चपळाईने येरझारा घालतो की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो. चाळिशी लागली की ही येरझार थांबते. ज्या चष्म्यास आपल्या भाषेने ‘चाळिशी’ हेच नाव देऊन टाकले आहे तो लावला तर माशी दिसते पण रान पुसले जाते. काढला तर रान दिसते आणि माशी कापसाचा बोळा होते. दादा पन्नाशीकडे झुकले तेव्हा त्यांना हेच झाले, आणि म्हणूनच आमच्या घरात पहिल्यांदा दुर्बीण आली. पण ते पुढे येईल.

दोन हजार यार्डांच्या त्या आकड्याविषयी मात्र इतिहासाने उस्तादांचीच बाजू घेतली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्या रायफलीच्या बाजूस आणखी दूरच्या, फलटणीने एकत्र गोळ्या सोडण्याच्या अंतरांसाठी वेगळी तबकडीही असे. खंदकांच्या लढाईत तिचा उपयोग उरला नाही आणि युद्ध चालू असतानाच ती काढून टाकण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या चार नंबरच्या थ्री नॉट थ्रीवर खाचेऐवजी डोळ्याजवळ छिद्र आले : घाईसाठी ३०० यार्डांवर बांधलेले एक मोठे छिद्र, आणि पट्टी उभी केली तर १,३०० यार्डांपर्यंतचे बारीक छिद्र. एका साम्राज्याच्या सैन्यालाही दोन हजारांवरून तीनशेवर यावे लागले. लांबचा आकडा कागदावर शोभतो. काम जवळच्या आकड्याने होते.

या छिद्राची गंमत अशी की त्यातून पाहताना छिद्राकडे पाहावयाचेच नसते. डोळा आपोआप उजेडाच्या मध्यभागी जातो आणि माशी तेथे येऊन बसते. तीनांपैकी एक ओझे कमी झाले. शिवाय बारीक छिद्रातून पाहिले असता जवळचे व दूरचे दोन्ही थोडे अधिक स्पष्ट दिसते. चष्मा विसरलेला म्हातारा मूठ वळून तिच्या फटीतून बसची पाटी वाचतो, ते याच नियमाने. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेही अशाच छिद्राच्या दीदबानीने. त्या स्पर्धेत मोठे करून दाखविणारी दुर्बीण चालत नाही, आणि दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे १०.४ मिलिमीटरचे. मात्र तेथे अंतर पक्के असते. पन्नास मीटर म्हणजे पन्नास मीटर. उजेड ठरलेला, लक्ष्य जागचे न हलणारे आणि ते लक्ष्यच आहे याची खात्री असलेले. शेतातल्या माणसाला या चारांपैकी एकही गोष्ट मिळत नाही. बारीक छिद्र तिन्हीसांजेला काळे होते. ते मोठे केले तर जवळच्यासाठी उत्तम, पण लांबचा बारीकपणा गेला.

शिकारीच्या दिवसांत इंग्रज कारागिरांनी यावर वेगळी युक्ती काढली होती. नळीवर एक रुंद पसरट खाच कायमची उभी, आणि तिच्यापुढे दोन-तीन पाती आडवी निजवलेली. लांबच्या नेमासाठी त्यांतील एक बोटाने उभे करायचे. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला जी .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, ती याच घराण्यातील. या रचनेतही एक मूक निवड आहे, ती आम्हांस फार आवडते. जवळची खाच सदैव उभी असते. लांबच्यासाठी वेगळी हालचाल करावी लागते. म्हणजे रायफल स्वभावतः जवळची, आणि लांबची ती माणसाने विचार करून केली तरच.

आता दुर्बिणीकडे येऊ. दुर्बिणीचा मोठा गुण असा की ती लक्ष्य आणि नेमाची फुली एकाच पातळीवर आणून ठेवते. तीन अंतरांचे एक अंतर होते आणि चाळिशीचा प्रश्नच मिटतो. पण ती हे दान देताना दुसऱ्या हाताने काही काढूनही घेते. चारपट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारण नऊ-दहा मीटर रुंदीचे रान दिसते. नऊपटीत ते चार मीटरांवर येते. जसजसे लक्ष्य जवळ, तसतसे हे वर्तुळ त्याच प्रमाणात आवळत जाते. उजेडाचेही तसेच. पुढच्या भिंगाचा व्यास मोठेपणाने भागला की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या दांडीची जाडी मिळते : चाळीस मिलिमीटरचे भिंग चारपटीवर दहा मिलिमीटर देते, नऊपटीवर जेमतेम साडेचार. अंधारात तरुणाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीतल्या माणसाची पाचच्या आसपास. म्हणजे नऊपटीवर रात्र अधिकच काळी होते. शिवाय अशा साध्या दुर्बिणीची भिंगे बहुधा शंभर मीटरच्या आसपास जुळवलेली असतात. दहा-बारा मीटरवरची वस्तू नऊपटीत धूसर दिसते.

हे आकडे आम्ही पुतण्याला कागदावर मांडून दाखविले. त्याने मान डोलावली. पण आकड्यांनी माणूस पटतो, थांबत नाही. म्हणून मग ती रात्र सांगितली.

सन १९९६. पौषातली थंडी. रानडुकरांनी एका आठवड्यात केळीची शे-दीडशे खोडे उपटली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली परवानगीवाचून रानडुकरावर गोळी झाडता येत नाही. त्याच अधिनियमाच्या ११व्या कलमात, उभ्या पिकास धोका असेल तर लेखी परवानगी देण्याची सोय आहे. दादांजवळ परवाना होता आणि ती परवानगीही होती. आम्ही रजेवर गावी आलो होतो. दादांनी नुकतीच शहरातल्या एका कारागिराकडून रायफलीवर तीनपट ते नऊपट अशी फिरवता येणारी दुर्बीण बसवून घेतली होती. दुपारी त्यांनी नाल्याकाठच्या दगडावर खडूने फुली करून ती आम्हांस दाखविली. नऊपटीवर खडूचा कणन्‌कण दिसत होता. आम्ही दोघे लहान मुलांसारखे हरखलो. खरे सांगायचे तर त्या दुर्बिणीत आम्हांस दादांचे गेलेले तारुण्य परत आलेले दिसले.

रात्री मचाणावर बसलो. चांदणे होते, पण केळीच्या पानांनी त्याचे तुकडे केले होते. साडेअकराच्या सुमारास डाव्या हातास, बागेच्या आत, चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पाण्यात काही उलथेपालथे केल्यासारखा. दादांनी रायफल हळूच वळवली आणि डोळा दुर्बिणीला लावला. दुपारी खडू पाहताना लावलेले नऊ तसेच राहिले होते. ते आमच्या ध्यानात आले नाही, त्यांच्याही नाही.

“दिसलं का?” आम्ही कुजबुजलो.

“काळं आहे काही. केसाळ. हलतंय.”

आणि आम्ही म्हणालो, “मग मार ना!”

हे तीन शब्द आम्ही उच्चारले. पदवीधर, शासनाचा अधिकारी, दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘अर्जदार जबाबदार व्यक्ती असल्याचे दिसून येते’ असा शेरा मारणारा. दादांचा परवाना, दादांची रायफल, बोटही दादांचेच; पण उतावीळ आमची होती. टॉर्च आमच्या हातात होता. तो आधी लावला तर जनावर पळेल, म्हणून तो गोळीनंतर लावायचा असे ठरले होते. तेही आमचेच शहाणपण.

दादांनी गोळी झाडली नाही. पुढे कधी विचारले तेव्हा त्यांनी इतकेच सांगितले, “मला त्याचं डोकं कुठं आणि शेपूट कुठं ते कळेना.” त्यांनी नळी आभाळाकडे केली, दुर्बिणीवरून मान वर काढली, उघड्या डोळ्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “टॉर्च लाव.”

टॉर्चच्या उजेडात अकरा-बारा मीटरांवर आमचा जागल्या वाकून चारीचे दार फोडत होता. अंगावर काळी घोंगडी, डोक्यावरून घेतलेली. वीज रात्रीची येई. ती त्या दिवशी लवकर आली, विहिरीवरची मोटर सुरू झाली, आणि वारा उलट असल्याने तिचा आवाज आम्हांस आला नाही. तो आपल्या माळ्यावरून उतरून पाण्याला दारे धरायला आला होता. आम्ही बांधावर बसलो आहोत हे त्यास ठाऊक होते. पण आम्ही नाल्याकडे तोंड करून बसलो असू, असा त्याचा समज. त्याने डोळ्यांवर हात धरून उजेडाकडे पाहिले आणि विचारले, “डुकरं आली का भाऊ?”

“नाही मामा,” दादा म्हणाले, “तिकडून काही आवाज आला म्हणून.”

सगळे गाव त्यास मामा म्हणे. आम्ही पाच वर्षांचे असताना त्याच्या खांद्यावर बसून असीरगडाच्या पायथ्यापर्यंत गेलेलो. त्या रात्री दादांनी काडतूस काढून खिशात टाकले आणि आम्ही दोघे न बोलता घरी आलो. पुढच्या आठवड्यात दादांनी दुर्बीण उतरवून घेतली. मामा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला आणि अंथरुणावर, नातवंडांच्या गराड्यात गेला. त्याच्या तेराव्याला आम्ही आवर्जून आलो होतो. त्याला आम्ही कधी काही सांगितले नाही. सांगायला हवे होते असे आज वाटते. पण ‘मामा, आम्ही तुला मारा म्हणालो होतो’ हे वाक्य कोणत्या प्रसंगी उच्चारायचे?

पुढे निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा आम्ही त्या रात्रीचा हिशेब मांडला. नऊपटीत शंभर मीटरवर सुमारे चार मीटरचे वर्तुळ. म्हणजे अकरा मीटरवर पन्नास सेंटिमीटरहूनही कमी. दादांना दिसला तो घोंगडीचा हातभर तुकडा, तोही भिंगे जुळत नसल्याने धूसर, आणि लोकरीचे उभे राहिलेले तंतू. काळे, केसाळ, हलणारे. दुर्बीण खोटे बोलली नव्हती. तिने जे होते तेच दाखविले. फक्त इतके थोडे दाखविले की त्यातून माणूस गळून पडला. तीच दुर्बीण एकपटीची असती तर त्याच अंतरावर तीनेक मीटर रुंदीचे दृश्य दिसले असते. त्यात वाकलेली पाठ, फावडे, दोन पाय, सगळा मामा मावला असता.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे दुर्बीण नकोच?”

तसे आमचे म्हणणे नव्हते. दुर्बिणीला दोष देऊन मोकळे होणे सोपे. ज्याने तिच्यावर नऊ लावून ठेवले आणि ज्याने ‘मार’ म्हटले ते मोकळे सुटतात. आम्ही त्यास जे सांगितले ते येथे नोंदवून ठेवतो. कोणाच्या उपयोगी पडले तर पडो.

पहिली गोष्ट, दोन अंतरांपैकी निवड जवळच्या अंतराच्या बाजूने करावी. लांबचा नेम चुकला तर बहुधा हरभरा जातो. शिवाय लांबचा नेम सोडून देता येतो. उद्या पुन्हा बसता येते. जवळचा प्रसंग निमिषात येतो, विचाराला जागा देत नाही आणि तेथे झालेली चूक परत घेता येत नाही. म्हणून दुर्बीण घ्यायचीच तर एकपटीपासून सुरू होऊन चारपटीवर थांबणारी घ्यावी, आणि ती मचाणावर चढताना नेहमी एकवर असावी. चार लावायचे ते उजव्या हाताच्या उघड्या रानात, अंतर पाहून, बोटाने मुद्दाम फिरवून. जुन्या रायफलींची आडवी निजलेली पाती हेच सांगत होती. केवळ लाल ठिपका दाखविणारी, काहीच मोठे न करणारी दीदबानही चालेल. दोन मिनिटांच्या कोनाचा ठिपका शंभर मीटरवर सुमारे सहा सेंटिमीटर झाकतो, आणि आमच्या कामास तेवढी बारकाई पुरे. जवळ तिच्याइतके चपळ काही नाही, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते.

दुसरी गोष्ट, खाच आणि माशी काढून टाकू नये. काच धुक्याने भरते, बॅटरी संपते. म्हणून दुर्बीण हाताने सैल करून उतरविता येईल अशाच पकडीवर बसवावी आणि खाली दादांची खाच तशीच राहू द्यावी.

तिसरी गोष्ट हिशेबाची. गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडू लागते. थ्री नॉट थ्रीची गोळी नळीच्या रेषेपासून शंभर मीटरवर सुमारे नऊ सेंटिमीटर खाली जाते, दोनशेवर चाळीस, तीनशेवर जवळजवळ मीटरभर. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपटीहून अधिक. आमच्या .३१५ ची गोळी संथ, म्हणून तिची घसरण आणखी मोठी. शिवाय दुर्बीण नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसते. म्हणून शंभर मीटरवर जुळवलेली रायफल दहा-बारा मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर खाली मारते. रानडुकराच्या देहास हा फरक काहीच नाही. तेव्हा शंभर मीटरवर जुळवावी, आणि शंभरापलीकडे गोळी झाडावयाची नाही असा नियम स्वतःस घालून घ्यावा. नाल्याकाठचे डुक्कर नाल्याकाठीच असू द्यावे. दीडशे मीटरची हाव सोडली की दीदबानीचा निम्मा प्रश्न सुटतो.

आणि चौथी गोष्ट, जी पहिल्या तिन्हींहून मोठी. रायफलीवरची दुर्बीण शोधण्यासाठी नसते. तिच्यातून पाहणे म्हणजे पाहिले त्यावर नळी रोखणे. ज्यास अजून ओळखले नाही त्याच्यावर नेम धरणे. शोधण्यासाठी गळ्यात साधी द्विनेत्री दुर्बीण ठेवावी. आधी उघडे डोळे, मग ती, मग टॉर्च. आणि जनावराचे डोके कोठे व शेपूट कोठे हे कळल्यावरच रायफल खांद्याला. टॉर्चने जनावर पळाले तर पळाले. आपल्याला ते पळवायचेच होते.

पुतण्याने त्याचे कोष्टक घडी करून खिशात ठेवले. पंधरा दिवसांनी त्याने कळविले की तूर्त रायफलीवर काहीच बसविले नाही. द्विनेत्री दुर्बीण आणि एक चांगला टॉर्च घेतला. दुर्बिणीचे पुढच्या हंगामात पाहू. आम्हांस बरे वाटले. पण त्याने आणखी एक गोष्ट केली होती, जी आम्हांस कधी सुचली नव्हती.

मामाचा मुलगा आता आमच्या शेताला जागल्या आहे. वीज अजूनही कधी रात्रीच येते आणि तो रात्रीच दारे धरायला उतरतो. पुतण्याने त्यास आणि शेजारच्या शेतकऱ्यांना सांगितले आहे की रात्री पाण्याला जाताना आधी हाळी द्यायची. आणि मचाणावर जो असेल त्याने उलट हाळी दिल्याखेरीज पाऊल टाकायचे नाही. त्यास कारण सांगितले का, असे आम्ही विचारले. “सांगितलं,” तो म्हणाला. “सगळं.”

“मग काय म्हणाला तो?”

“म्हणाला, बाबांना माहीत होतं. टॉर्चच्या उजेडात मोठ्या भाऊंचा हात थरथरताना त्यांनी पाहिला होता.”

गेल्या महिन्यात आम्ही निंबोल्यास मुक्कामी होतो. झोप उतारवयाची, म्हणजे नसल्यासारखीच. मध्यरात्रीनंतर केव्हातरी केळीच्या बागेतून एक लांबलचक हाळी आली. क्षणभराने मचाणावरून पुतण्याची उलट हाळी गेली. मग चारीत पाणी पडल्याचा आवाज. आम्ही कूस वळलो आणि त्या रात्री, अनेक वर्षांनी, सकाळपर्यंत झोपलो.